अण्णांचा पाचवा ढीग

अमेरिकेत घरामागच्या अंगणात भाजाभाजी करणाऱ्यांचे तीन पंथ आहेत. पहिला गॅसवाल्यांचा. कळ फिरवली, ज्योत आली, वीस मिनिटांत माणसं जेवून मोकळी. बाकीचे दोन पंथ यांना भाजणाऱ्यांत धरतच नाहीत. दुसरा ब्रिकेटवाल्यांचा. ब्रिकेट म्हणजे कारखान्यातल्या साच्यातून निघालेल्या, एका मापाच्या, उशीच्या आकाराच्या काळ्या वड्या. तिसरा पंथ लम्पवाल्यांचा, आणि तो स्वतःला वारकरी समजतो. लम्प म्हणजे आपला साधा लाकडी कोळसा हो! गल्लीतला इस्त्रीवाला आणि पावसाळ्यातली कणीसवाली वापरतात तोच. फक्त इथे तो नऊ किलोच्या जाड कागदी पिशवीत मिळतो, पिशवीवर ज्वाळांचं आणि रसरशीत मांसाचं चित्र असतं आणि खाली ठसठशीत अक्षरांत ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असं छापलेलं असतं.

या तिसऱ्या पंथाचा एक उपपंथ आहे. त्यातल्या माणसांना भाजण्यात फारसा रस नसतो, खाण्यात तर बेताचाच. त्यांचा जीव पिशवी उघडण्यात असतो, कारण पिशवीत कोळशाशिवाय काय निघेल याचा नेम नसतो. दगड निघतो. खिळा निघतो. तारेचा तुकडा, दोरीचं टोक, खुर्चीचा जळका पाय निघतो. अशी वस्तू हाती लागली की या माणसाच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते त्याच्या लग्नाच्या अल्बममध्येही सापडत नाही.

आमचे अण्णा याच उपपंथातले. नाव मुद्दामच सांगत नाही, कारण जिथे महाराष्ट्र मंडळ आहे तिथे एक अण्णा असतातच. आमचे टेक्ससमध्ये, डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहतात. न्यू जर्सीतल्या एका मित्राला मी त्यांचं वर्णन ऐकवलं, तर तो म्हणाला, ‘आमच्याकडे दोन आहेत. दोघांचं एकमेकांशी पटत नाही.’

अण्णांचं वय साठीला टेकलेलं. नोकरी सॉफ्टवेअरमधली, पण सॉफ्टवेअर लिहिण्याची नव्हे, दुसऱ्यांनी लिहिलेल्यातल्या चुका काढण्याची. तीसेक वर्षं चुका काढून त्यांनी घर घेतलं, दोन मुलांची कॉलेजं केली, अंगणात हिरव्या चिनीमातीची अंडाकृती जपानी धाटणीची शेगडी आणून बसवली. अशा माणसाच्या हाती बंद पिशवी पडली, आणि तिच्यावर ‘शंभर टक्के’ असं काही लिहिलेलं असलं, की पुढचं सगळं अटळच म्हणायचं.

अण्णांनी जेवायला बोलावलं तर वेळ संध्याकाळी सहाची सांगतात. जाणकार साडेआठला जातात. नवखे मात्र सहाला पोचतात आणि त्यांना पिशवीसमारंभ बघायला मिळतो.

गॅरेजसमोरच्या सिमेंटवर निळी ताडपत्री अंथरलेली असते. अण्णा गुडघ्यांखाली बागकामाची उशी घेऊन बसतात. हातात मोजे, नाकावर मास्क. पहिलं काम वजनाचं. भारतात जाताना बॅग तेवीस किलोच्या वर जात नाही ना, हे बघायला जो लोंबता काटा प्रत्येक मराठी घरात असतो, त्याला पिशवी टांगून ते आकडा वहीत टिपतात. मग पिशवीवरचा मजकूर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचतात. घर, तंबू आणि गाडी यांच्या चित्रांवर काट मारलेली ती सूचना, बंद जागेत कोळसा पेटवला तर कार्बन मोनॉक्साइडने जीव जाईल असं सांगणारी, तीसुद्धा दर वेळी मोठ्याने. ‘ही एवढीच या पिशवीवरची खरी ओळ,’ असं त्यांचं मत आहे. यानंतर शिवण. कागदी पिशवीच्या तोंडाची शिवण नेमका दोरा ओढला तर सर्रकन उसवते आणि चुकीचा ओढला तर जन्मात उसवत नाही. अण्णांना नेमका दोरा ठाऊक आहे. तो ओढताना ते क्षणभर थांबतात आणि पाहुण्यांकडे बघतात. पाहुण्यांनी काहीतरी बोलावं अशी अपेक्षा असते.

कोळसा ताडपत्रीवर ओतला जातो. काळी धूळ उडते, शेजाऱ्यांचं पांढरं कुत्रं भुंकतं. मग चाळणं. आधी मोठ्या भोकांचा प्लास्टिकचा क्रेट, मग बागेतली मातीची चाळण, आणि शेवटी वहिनींची रव्याची चाळण. ही शेवटची चाळण वहिनींनी फार पूर्वीच ओवाळून टाकली आहे, ती स्वयंपाकघरात परत घेतली जात नाही. यातून चार ढीग पडतात: मोठा कोळसा, मध्यम, बारीक आणि भुकटी. प्रत्येकाचं वजन वहीत जातं. वहिनी दारात येऊन विचारतात, ‘अहो, वांगी आत गॅसवर भाजू का?’ अण्णा मान वर न करता हात हलवतात. या हाताचा अर्थ ‘थांब’ असाही होतो आणि ‘भाज’ असाही. वहिनी आपल्या सोयीचा अर्थ घेतात, म्हणून तर पाहुणे उपाशी जात नाहीत.

हे सगळं ज्याच्यासाठी चाललेलं असतं तो पाचवा ढीग. इतर.

भुकटीने माखलेला दगड आणि कोळसा यांतला फरक डोळ्यांना कळत नाही, हाताला कळतो. एकेक तुकडा उचलताना अण्णांचे डोळे मिटलेले असतात. कोळसा हलका, उचलताना हात अंदाजापेक्षा वर जातो. मग एखाद्या तुकड्याशी हात अडतो. अण्णा डोळे उघडतात. तुकडा अंगठ्याने घासतात. दुसऱ्या हातातल्या चांगल्या कोळशावर आपटतात. कोळशावर कोळसा आपटला तर काचेसारखा ‘टिण्ण’ असा आवाज येतो. या वेळी येतो ‘ठक’. ‘दगड!’ अण्णा जाहीर करतात. कुणीतरी म्हणतं, ‘अरेरे.’ अण्णा त्याच्याकडे असं बघतात, की पुन्हा त्या घरात कुणी ‘अरेरे’ म्हणत नाही.

गॅरेजमध्ये, गाड्यांची चाकं बदलायच्या जॅकच्या वरच्या फळीवर, अण्णांचं संग्रहालय आहे. पारदर्शक पिशव्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. चिठ्ठीवर तारीख, वजन आणि शेवटी एक रकाना: ‘संशय’. सगळ्या वस्तूंचे त्यांनी दोन कालखंड पाडलेत, भट्टीपूर्व आणि भट्टीउत्तर. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो होतो. पण यात शास्त्र आहे, आणि ते ऐकण्यासारखं आहे.

कोळसा पाडायचा म्हणजे लाकूड जाळायचं, पण पुरतं जळू द्यायचं नाही. लाकडं रचायची, वरून मातीने लिंपायची किंवा विटांच्या घुमटात कोंडायची, पेटवायची आणि हवा बेताचीच मिळेल अशी भोकं राखायची. आत लाकूड धुमसतं. त्यातलं पाणी जातं, डांबरट वायू जातात, मागे कार्बन उरतो. साध्या भट्टीत चार-पाच किलो लाकडातून जेमतेम किलोभर कोळसा निघतो. भट्टी थंड व्हायला काही दिवस लागतात. मग ती फोडून फावड्याने कोळसा ओढायचा. ओढायचा तो जमिनीवरूनच, म्हणजे जमिनीवरचे दगड आणि माती सोबत येणारच. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो, फावड्याला डोळे नसतात एवढंच.

आता अण्णांचं शास्त्र. नायलॉनची दोरी सापडली आणि ती अर्धवट वितळून गोळा झालेली असली, तर ती भट्टीत नव्हतीच. तिथे असती तर उरलीच नसती. म्हणजे पिशव्या भरताना, माल अजून चांगला तापलेला असताना, कुणाच्या तरी हातून पडली. भट्टीउत्तर. खिळा सापडला आणि तो कोळशाच्या पोटात घट्ट रुतलेला असला, तर तो लाकडाबरोबरच भट्टीत गेला. भट्टीपूर्व. खिळा म्हणजे ते लाकूड झाडावरून थेट आलेलं नाही, आधी कुठेतरी खोका, दरवाजा किंवा पलंग होतं. अण्णा खिळा उजेडाकडे धरून म्हणतात, ‘याचा एक पूर्वजन्म आहे.’

संग्रहातली त्यांची लाडकी वस्तू म्हणजे जळून काळ्या झालेल्या दोन लाकडी पट्ट्या. एकीच्या कडेला खाच, दुसरीच्या कडेला जीभ. घराच्या लाकडी जमिनीच्या पट्ट्या अशा एकमेकींत बसवतात. काही कोळसा फर्निचरच्या आणि लाकडी जमिनीच्या कारखान्यांतल्या उरल्यासुरल्या तुकड्यांपासून पाडतात, आणि लाकूड जळताना आक्रसतं खरं, पण आकार सोडत नाही. वर्षांची वलयं आणि धाग्यांच्या रेषा तर जातच नाहीत, सुताराने पाडलेली खाचही तशीच राहते. या दोन पट्ट्या अण्णांना निरनिराळ्या महिन्यांत, निरनिराळ्या पिशव्यांत सापडल्या. त्यांनी त्या एकमेकींत बसवल्या. बसल्या! त्या रात्री त्यांनी मला फोन केला. अकरा वाजले होते. मला वाटलं, घरी काही बरंवाईट झालं.

या बाबतीत मी अण्णांच्या बाजूने आहे, हे लिहून ठेवतो. कारखान्यातल्या तुकड्याला रंग, वार्निश किंवा गोंद लागलेला नाही, हे जळल्यावर कोण सांगणार? त्याच्यावर भाजलेलं कणीस माझ्या नातवाला मी देणार नाही. अण्णा असले तुकडे निमूटपणे बाजूला काढतात. त्यांच्या सगळ्या उपद्व्यापात एवढी गोष्ट अशी आहे की तिच्यामुळे कुणाच्या तरी पोटाचं भलं होतं.

पुढचं पाऊल अर्थातच पत्रव्यवहार. प्रत्येक पिशवीवर कंपनीचा पत्ता असतो, आणि पत्ता छापणं म्हणजे आमंत्रणच, असं अण्णा मानतात. त्यांची पत्रं मी वाचली आहेत. सुरुवात स्तुतीने: आपला कोळसा मी अनेक वर्षं वापरतो. मग वजनांचं कोष्टक. मग दगडाचं छायाचित्र, शेजारी मोजपट्टी. मग प्रश्न: आपल्या मते दगड हा ‘शंभर टक्के नैसर्गिक’ या वर्णनात बसतो काय? इथे मला वाटतं कंपनीने हो म्हणून टाकायला हरकत नव्हती, दगडाइतकं नैसर्गिक काय आहे! पण कंपन्या विनोद करत नाहीत. त्या दिलगिरी व्यक्त करतात आणि सोबत एका फुकट पिशवीचं कूपन पाठवतात.

कूपन आलं की अण्णा दुखावतात. ‘मी भीक मागितली होती का?’ ते विचारतात, ‘मी कारण मागितलं होतं.’ ते उलट पत्र लिहितात, की कूपन नको, कोणत्या देशातल्या कोणत्या भट्टीतला माल आहे ते कळवा. त्यावर आणखी एक कूपन येतं. दरम्यान पहिलं कूपन वहिनींनी वापरलेलंही असतं. अशा रीतीने दगडातून कूपन, कूपनातून पिशवी आणि पिशवीतून दगड, हे चक्र गेली कित्येक वर्षं विनाखर्च चालू आहे. वहिनी म्हणतात, ‘लोकांचे नवरे गोल्फ खेळतात. त्याची वर्गणी माहीत आहे का किती असते?’

दगड नुसता अण्णांच्या तत्त्वालाच धोकादायक नसतो, तो खरोखरच धोकादायक असतो. काही दगडांच्या पोटात ओल असते. निखाऱ्यात पडला की तिची वाफ होते, वाफेला वाट मिळत नाही आणि दगड फुटतो. चार जुलैच्या जेवणाला हेच झालं. त्या दिवशी घाईघाईत मंडळाच्या चिटणिसांनी, मदत म्हणून, न निवडलेली अर्धी पिशवी शेगडीत रिकामी केली. अण्णा आत वही आणायला गेले होते. कणसं भाजत होती, मुलांनी आकाश बघायला खुर्च्या मांडल्या होत्या, तेवढ्यात शेगडीत ‘फाट्’ झालं. एक कणीस टुणकन उडून हिरवळीवर पडलं. लहान मुलांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं आतषबाजी सुरू झाली. चिटणीस टेबलाखाली. सुदैवाने कुणाला काही लागलं नाही. अण्णा धावत बाहेर आले, सगळे धडधाकट आहेत हे त्यांनी पाहिलं, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर एक समाधान पसरलं. ते लपवायचा त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला. ‘मी काय सांगत होतो?’ एवढंच ते म्हणाले. मग चिमट्याने निखाऱ्यातून दगडाची दोन शकलं काढून गार करत ठेवली. चिठ्ठीवर ‘संशय’ या रकान्यात काय लिहायचं यावर चर्चा झाली. अण्णांनी लिहिलं: सिद्ध.

त्यांना कुणी भोळेपणाने विचारतं, की एवढा त्रास आहे तर ब्रिकेट का नाही वापरत? मग सर्वांनी खुर्च्या ओढून घ्याव्यात. अण्णा 1897 पासून सुरुवात करतात. त्या साली पेनसिल्व्हेनियातल्या एल्सवर्थ झ्वायर नावाच्या माणसाने कोळशाच्या वडीचं पेटंट घेतलं. पण ती वडी घरोघरी नेली ती हेन्री फोर्डने, मोटारवाला तोच. त्याच्या मॉडेल टी गाडीला लाकूड पुष्कळ लागायचं, म्हणून मिशिगनच्या उत्तरेला आयर्न माउंटनपाशी त्याने जंगलं घेतली आणि लाकूड कापायची गिरणी उभारली. हे व्यवहार जमवायला त्याच्या चुलतबहिणीचा नवरा एडवर्ड किंग्जफर्ड मदतीला होता. गिरणीत लाकडाच्या ढलप्या आणि भुसा यांचे डोंगर साचले. फोर्डला काही वाया गेलेलं खपत नसे. त्याने त्याचा कोळसा पाडून, दळून, वड्या पाडल्या आणि त्या चक्क मोटारींच्या दुकानांतून विकायला ठेवल्या. 1951 मध्ये हा धंदा दुसऱ्यांनी विकत घेतला आणि त्याला किंग्जफर्डचं नाव दिलं. पुढच्याच वर्षी, 1952 मध्ये, शिकागोकडच्या जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसाने पाण्यात तरंगणारा धातूचा बोया मधोमध कापून गोल झाकणाची शेगडी केली. ती आज निम्म्या अमेरिकेच्या अंगणात आहे. इथवर अण्णांच्या आवाजात कौतुक असतं. फुकट न घालवणारा माणूस मराठी मनाला भावतोच.

मग आवाज बदलतो. ‘पण वडीत काय काय असतं?’ अण्णा बोटांवर मोजू लागतात. कोळशाची भुकटी. ती चिकटून राहावी म्हणून स्टार्च, म्हणजे आपली खळच. राख पांढरीशुभ्र दिसावी म्हणून चुनखडी. साच्यातून सुटावी म्हणून बोरॅक्स. ‘आता मला सांगा, तिथे सगळं आधीच घालून दिलेलं. सापडणार काय?’

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. एवढं स्वच्छ कबूल करणारा व्यसनी माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

एका उन्हाळ्यात वहिनींचे वडील आले. आप्पा. ऐंशी ओलांडलेले, बार्शीचे. भुसार बाजारात एका अडत्याकडे दिवाणजी म्हणून आयुष्य गेलेलं. पोत्यात हात घातला की धान्य कुठलं, कोरडं किती, मापात किती मारणार, हे सांगणारी ती पिढी. पहिल्या शनिवारी ताडपत्री अंथरली गेली तेव्हा आप्पा खुर्ची घेऊन शेजारी बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘जावईबापू, पोतं घ्यायच्या आधी बघायचं असतंय. घेतल्यावर काय बघताय?’

अण्णांनी समजावलं, की इथे पिशव्या बंद असतात.

‘मग काय झालं? ज्वारीची पोती काय उघडी असायची? टोकदार पोकळ नळी खुपसायची, मूठभर नमुना काढायचा.’

दुसऱ्या दिवशी अण्णा आप्पांना दुकानात घेऊन गेले. नळी नव्हती म्हणून आप्पांनी हातानेच भागवलं. एकेक पिशवी कोपऱ्याला धरून उचलली, हलवली, कान लावला, चापट मारली. तळाला भुकटी जास्त असली तर पिशवी मऊ लागते, मोठे तुकडे असले तर खडखडते. दुकानातला निळ्या बंडीतला पोरगा येऊन म्हणाला, काही मदत हवी का? आप्पांनी त्याच्या हातात एक पिशवी दिली आणि मराठीत सांगितलं, ‘ही मागं टाक, माती आहे.’ पोराने खरंच मागे टाकली. आप्पांनी निवडलेल्या पिशवीत त्या आठवड्यात ना दगड निघाला ना दोरी. भुकटीही अगदी थोडी. वहिनी खूश. अण्णा दिवसभर गप्प.

खरा घाव त्यापुढे होता. अण्णा ज्या कोळशावर सगळ्यात जास्त पैसे घालतात तो मेस्कीटचा. टेक्ससमध्ये मेस्कीटच्या धुराला देवघरातल्या धुपासारखा मान आहे. मांसाला त्याचा वास लागला पाहिजे, नाहीतर माणसं ताट बाजूला सारतात. पिशवीतला हा कोळसा बहुतेक मेक्सिकोतून येतो, पण झाड टेक्ससभर रानात माजलेलं असतं. गुरं शेंगा खातात, बी शेणातून पसरतं, आणि कुरणवाले त्याला शिव्या घालतात. फिरायला गेलेल्या आप्पांना रस्त्याकडेला ते झाड दिसलं. काटे पाहिले, बारीक पानं पाहिली, वाळकी शेंग मोडून हुंगली.

‘अवो, ही तर येडी बाभळ की!’

अण्णांनी हसून सोडून द्यायला पाहिजे होतं. पण चुका काढणारा माणूस, त्याने घरी येऊन शोधलं. वेडी बाभूळ आणि मेस्कीट, दोघी एकाच कुळातल्या, सख्ख्या नाही तरी चुलत. वेडी बाभूळ मूळची इकडचीच, अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ती हिंदुस्थानात नेऊन लावली, पुढे ती कुणाला आवरली नाही. गुजरातेत, तमिळनाडूत तिचा कोळसा पाडतात. आप्पांच्या बार्शीला ती ओढ्याकाठी, गायरानात, पडक्या वाड्यात, कुणी न लावता येते. आणि अण्णा तिच्यासाठी डॉलर मोजत होते, तेही ‘अस्सल’ म्हणून.

‘कुपाट्याला टाकतो आम्ही,’ आप्पा म्हणाले. तिच्या काट्यांची कुंपणं करतात ते. त्यांना टोचायचं नव्हतं, माहिती द्यायची होती.

जाण्याआधी आप्पांनी आणखी एक गोष्ट केली. संग्रहालय बघताना त्यांनी दगडांच्या पिशव्या एकेक करून हातात तोलल्या आणि अगदी सहज विचारलं, ‘हे वजनाला टाकतेत, व्हय?’ इतकी वर्षं अण्णा दगडाकडे हलगर्जीपणा म्हणून बघत आले होते. यात लबाडी असू शकेल, हे त्यांच्या मनाला शिवलंच नव्हतं. दगड कोळशाच्या भावाने विकला जातो, हा हिशेब भुसार बाजारातल्या माणसाला एका मिनिटात सुचला. माझं स्वतःचं मत, लबाडी वगैरे काही नसावी. कोळसा ओढणाऱ्या मजुराला पिशवीच्या वजनाशी काय देणं-घेणं! रायगडातले कातकरी दरवर्षी पोटासाठी गाव सोडून कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, तिथे पोराबाळांसकट धुरात राहतात. तसाच कुणीतरी मेक्सिकोत किंवा पराग्वेत असणार. त्याला दगड दिसला नाही म्हणून डॅलसमधला माणूस पत्र लिहितो, हे त्याला कळलं तर तो काय म्हणेल, हे मी अण्णांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, ‘त्याच्याबद्दल माझी काही तक्रारच नाही. माझी तक्रार शंभर टक्क्यांबद्दल आहे.’ यावर बोलता येईना.

पण आप्पांच्या त्या प्रश्नानंतर वहीत एक नवा रकाना आला: दगडांचे डॉलर.

मुलांनी साठाव्या वाढदिवसाला अण्णांना जपानी बिन्चोतान कोळसा भेट दिला. वाकायामाकडचा, उबामे ओकचा. शेवटी भट्टीची आच हजार अंशांच्या आसपास नेऊन, मग राख-वाळूखाली दडपून विझवलेला. म्हणून वरून पांढुरका. पोलादासारखा वाजतो, तासन् तास जळतो, धूर जवळजवळ नाही. लाकडी खोक्यात एकसारख्या कांड्या नीट रचून आलेल्या. अण्णांनी ताडपत्री अंथरली. एकेक कांडी काढली, वाजवली, ठेवली. खोकं रिकामं झालं. त्यांनी तळाचा कागदही उचलून पाहिला. ‘छान आहे,’ ते म्हणाले. आवाज मात्र मुलगी बघून ‘चांगलीच आहे’ म्हणणाऱ्या वरपित्याचा. त्या रात्री मासे उत्तम भाजले गेले, सुरमई तर तोंडात विरघळत होती. सात वाजता जेवणं आटोपली. आठला पाहुणे घरी. वहिनी म्हणाल्या, इतकं सुनंसुनं घर त्यांनी मुलं कॉलेजला गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं.

गेल्या डिसेंबरात अण्णा पुण्याला आले. मीही तेव्हा तिथेच होतो. भाच्याच्या गच्चीवर हुरड्याचा बेत होता, शेगडीसाठी कोळसा आणायचं काम अण्णांनी हट्टाने अंगावर घेतलं आणि मला बरोबर ओढलं. आम्ही एका जुन्या वखारीत गेलो. फळीवर लोखंडी तराजू, मागे तागाची पोती छतापर्यंत, मालकाच्या भुवयांपर्यंत काळं. अण्णांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. ते पोत्यांमधून फिरले, एकदोन पोत्यांना आप्पांच्या पद्धतीने चापट मारली, कान लावला. मालक विडी विझवून बघत होता. शेवटी अण्णा त्याच्याजवळ आले आणि विश्वासात घेतल्यासारखं, खालच्या आवाजात विचारलं, ‘काय हो, या पोत्यांत काय काय निघतं?’

मालकाने त्यांना पायांतल्या बुटांपासून डोक्यावरच्या टोपीपर्यंत एकदा न्याहाळलं.

‘दगड निघतो, माती निघते, बारदान निघतं. मागं एकात चप्पल निघाली,’ तो म्हणाला. ‘नशीब असलं तर कोळसा पण निघतो. किती देऊ?’

अण्णांनी दोन पोती घेतली.